तयार घर घ्यावं की प्लॉटवर बांधावं? आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा

पालकसभा संपली की वर्गाबाहेर दोन-तीन पालक हमखास थांबतात. मुलाच्या मार्कांचा विषय दोन मिनिटांत उरकतो आणि मग खरा प्रश्न येतो, "सर, थोडे पैसे जमलेत. तयार घर घेऊ की प्लॉट घेऊन बांधू?"

मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. पण मोहल्ल्यात राहतो, लोकांचे कागद वाचून देतो, अर्ज लिहून देतो. त्यामुळे दोन्ही रस्त्यांनी गेलेली घरं जवळून पाहिली आहेत. काही घरांत आज अल्हम्दुलिल्लाह सुकून आहे. काही घरं मात्र स्लॅब टाकून, वर सळया उभ्या ठेवून, पाच-सहा वर्षं तशीच थांबली आहेत आणि मालक शेजारच्याच गल्लीत भाडं भरतोय. काहींचं घर पूर्ण झालं, पण कागद नसल्याने घरपट्टीच्या पावतीपलीकडे हातात काही नाही.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. ज्यांचं चुकलं, त्यांनी घराची तुलना घराशी केली होती. फ्लॅट लहान, बंगला मोठा. फ्लॅटमध्ये अंगण नाही, प्लॉटवर आहे. खरी तुलना आपल्या परिस्थितीशी करायची असते. त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. पहिला, आपल्याकडे पैसा कसा येतो, एकरकमी की थोडा थोडा? दुसरा, बांधकामावर रोज उभं कोण राहणार? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं दिली की निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा निर्णय कागद करतात.

पैसा कसा येतो?

आपल्या समाजात बरीच कुटुंबं व्याजाचं कर्ज टाळतात. आपल्याकडे बिनव्याजी बँकेची सोय नाही. इस्लामी बँकिंगचा विषय बरीच वर्षं चर्चेत होता, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे व्याज टाळायचं असेल तर हातात राहतं ते एवढंच: स्वतःची बचत, बीसी, दागिने, नातेवाइकांकडून कर्जे हसना आणि विक्रेत्याशी ठरवलेले हप्ते.

अशा कुटुंबाकडे पैसा तुकड्यांत येतो. आज बीसी उघडली, दोन लाख आले. वर्षभराने भावाने लाखभर पाठवले. तयार घर मात्र तुकड्यांत मिळत नाही. मालकाला दोन-तीन महिन्यांत सगळी रक्कम हवी असते. इसार देऊन बसलात आणि उरलेले पैसे वेळेवर जमले नाहीत तर इसार जातो किंवा घाईघाईत नको ते कर्ज काढावं लागतं.

बांधकामाचं तसं नाही. प्लॉट आज, जोतं पुढच्या वर्षी, स्लॅब त्यानंतर, असं करता येतं. म्हणून ज्यांचा पैसा थोडा थोडा येतो आणि ज्यांना व्याजात पडायचं नाही, त्यांना बांधणं जास्त मानवतं. पण टप्प्याने बांधायचं म्हणजे कुठेही थांबायचं असं नाही. थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. जोत्यापर्यंत काम करून, आत मुरूम भरून थांबलं तर फार नुकसान नाही. तळमजल्याचा स्लॅब आणि भिंती करून, एक खोली, संडास आणि स्वयंपाकघर राहण्यासारखं करून थांबलं तर उत्तमच, कारण भाडं वाचतं. पण कॉलम अर्धे उभे करून थांबलात तर पावसात सळया गंजतात आणि पुढच्या कामाची मजबुती जाते. वरच्या मजल्यासाठी सळया सोडायच्याच असतील तर त्यांना सिमेंटचा घोळ लावून झाकून ठेवा.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. स्लॅब पडला, लोकांना पेढे वाटले, की वाटतं घर झालं. प्रत्यक्षात ढोबळमानाने निम्मा खर्च स्लॅबपर्यंत होतो आणि निम्मा त्यानंतर: भिंती, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, लाइट फिटिंग, नळाचं काम, रंग. हा दुसरा निम्मा हिशेबात न धरल्यानेच मोहल्ल्यामोहल्ल्यात अर्धी घरं दिसतात.

याउलट ज्यांच्याकडे रक्कम एकदम येते, उदाहरणार्थ निवृत्तीचे पैसे, वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतला हिस्सा किंवा आखाती देशातून परत येताना मिळालेला हिशेब, त्यांनी तयार घराचा विचार आधी करावा. हातात पडून असलेली मोठी रक्कम लग्नात, आजारपणात, कुणाच्या धंद्यात कधी विरघळते ते कळत नाही.

ज्यांनी बँकेचं गृहकर्ज घ्यायचं की नाही हेच ठरवलेलं नाही, त्यांनी इसार देण्यापूर्वी आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारावं. विक्रेत्याशी थेट हप्ते ठरवत असाल तर एकूण किंमत पहिल्याच दिवशी पक्की करा आणि करारात उशिराबद्दल व्याज लावण्याचं कलम आहे का ते वाचा. ते कलम बहुतेक लोक सही केल्यानंतर वाचतात.

रोज उभं कोण राहणार?

घर बांधणं म्हणजे दहा-बारा महिन्यांची दुसरी नोकरी. वाळूची गाडी आली, ती मोजून कोण घेणार? सिमेंटच्या गोण्या किती आल्या, किती लागल्या, कोण लिहिणार? स्लॅबच्या आदल्या दिवशी सळयांमधलं अंतर इंजिनिअरला दाखवून कोण घेणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कोण मारणार? काँक्रीटला साध्या सिमेंटमध्ये निदान ७ दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटमध्ये निदान १० दिवस सतत ओलावा लागतो. त्याची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. मिस्त्री काम करून दुसऱ्या साइटवर जातो. पाणी मारायला घरचंच माणूस लागतं.

कोकणातल्या किती तरी घरांत कर्ता माणूस कुवेत, कतार किंवा सौदीत असतो. तो पैसे पाठवतो, इकडे वयस्कर अब्बा किंवा मेहुणा देखरेख करतो. मेहुण्याची नियत साफ असते, पण त्याला स्वतःचं काम असतं. शेवटी भाव वाढला की शंका येते, शंका आली की फोनवर आवाज चढतो आणि घराआधी नातं तुटतं. असं घर बांधायचंच असेल तर पगार देऊन स्वतंत्र सुपरवायझर ठेवा, नाहीतर तयार घर घ्या. नात्यापेक्षा अंगण मोठं नसतं.

परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावं आणि भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. आणि कुणी "खरेदीखत नको, मुखत्यारपत्रावरच प्लॉट देतो" म्हणाला तर उठून यावं. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

हिशेब कागदावर मांडा

दोन्ही बाजूंचा हिशेब लोक अर्धाच करतात. उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, आपल्या गावचे भाव लावून बघा.

समजा जुना फ्लॅट ३० लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क शहरांत साधारण ६ ते ७ टक्के असतं, ग्रामपंचायत हद्दीत त्याहून कमी. ६ टक्के धरले तर १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. सोसायटीची हस्तांतरण फी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. झाले २ लाख ३५ हजार. शिवाय वकिलाची फी, दलाली आणि रंगरंगोटी. मालकाने किंमत "३० लाख, शेवटचा शब्द" म्हटली तरी तुमचा शेवटचा शब्द साडेतेहतीसच्या आसपास जातो. मात्र हा आकडा पहिल्याच दिवशी कळतो. तयार घराचा हाच मोठा फायदा.

बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतो: साधारण घरांना ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यांना १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर तो लागत नाही. भाव विचारताना "जीएसटी धरून की सोडून?" हे जरूर विचारा.

आता बांधकाम. समजा ९०० चौरस फूट घर आणि ठेकेदाराचा भाव १,९०० रुपये फूट. म्हणजे १७ लाख १० हजार. लोक इथेच थांबतात. त्यात प्लॉटची किंमत, त्याचं मुद्रांक शुल्क, मोजणी, नकाशा आणि परवानगीची फी, बोअर, शोषखड्डा, कंपाउंड, वीजमीटर, लोखंडी गेट हे बहुतेक वेळा नसतं. बांधकाम चालू असताना चालणारं भाडंही नसतं. महिना ८ हजार भाडं असेल आणि काम १४ महिने चाललं तर तेच १ लाख १२ हजार होतं. वर भाववाढ आणि "इथे एक खिडकी वाढवू या" हा घरचा हट्ट. म्हणून ठेकेदाराच्या आकड्यावर निदान १५ टक्के बाजूला ठेवल्याशिवाय पहिला खड्डा खणू नये. वरच्या उदाहरणात ते अडीच लाखांच्या वर जातात.

थोडक्यात, तयार घराची किंमत जास्त वाटते पण कळलेली असते. बांधायच्या घराची किंमत कमी वाटते, पण ती शेवटच्या दिवशी कळते.

कागद नसलेली जागा स्वस्त नसते

आता जरा कडू विषय. आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय की दलालाशी फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी "घर गेलं" असा निरोप येतो. हे चुकीचं आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्याचा एक परिणाम आपण नीट पाहत नाही. चांगल्या सोसायटीत दार बंद झालं की आपण शहराच्या कडेला, "आपलीच वस्ती आहे" म्हणून, एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेतो. विकणाराही आपलाच, सलाम-दुआ करणारा. मग कागद मागायला लाज वाटते.

लाज वाटू देऊ नका. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही शिकवण सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास नव्हे, आपल्या दीनने दिलेली सवय आहे.

प्लॉट घेण्यापूर्वी किमान एवढं पाहावं:

१. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. मालक म्हणून कुणाची नावं आहेत? एका सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतील तर तुमचा तुकडा नेमका कोणता, हे कागदावर कुठेच नसतं.

२. जमीन बिनशेती आहे का? महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो आणि तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहाराची नोंद अडकते. सरकार अधूनमधून सवलती काढतं, पण त्या सरसकट नसतात. तुमच्या गटाला ती लागू होते का, ते तहसील कार्यालयातच विचारा, विकणाऱ्याला नाही.

३. गुंठेवारी असेल तर ती नियमित झाली आहे का? गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१चा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही त्याचा लाभ देण्यात आला. "होऊन जाईल" हा शब्द चालत नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात हवं.

४. नोटरीचा कागद म्हणजे खरेदी नव्हे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेलं खरेदीखत झाल्याशिवाय मालकी येत नाही. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगते.

५. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. वकिलाकडून काढून घ्या. जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, एकच प्लॉट दोघांना विकलाय का, ते त्यात कळतं.

६. भोगवटादार वर्ग. सातबाऱ्यावर "वर्ग-२" असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही.

७. वक्फ आहे का? मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या इनाम जमिनीवर प्लॉट पाडून विकलेले प्रकार आपल्याच वस्त्यांत आहेत. वक्फ मालमत्ता विकता येत नाही, कायद्यानेही नाही आणि शरीयतनेही नाही. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. शंका असेल तर तिथे गट नंबर देऊन लेखी माहिती मागवा. ज्या जमिनीचं उत्पन्न अल्लाहच्या वाटेवर दिलेलं आहे, तिच्यावर आपलं घर बांधून त्यात नमाज पढायची, हे मनाला तरी पटेल का?

जमिनीचा पोतही बघा. मराठवाडा-सोलापूरकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरवरचा पाया घातला तर भिंतींना तडे जातातच. कोकणात नदीकाठच्या जागेला पूररेषा असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमध्ये काय झालं ते आपण विसरलेलो नाही. स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे, हे पावसाळ्यात जाऊन पाहिल्यावर समजतं.

तयार घर घेताना

नवा फ्लॅट किंवा नवा लेआउट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या वस्त्यांतल्या छोट्या इमारती बहुतेक त्याच गटात मोडतात, म्हणून तिथे जास्त सावध राहा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात मूळचा दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. भाव कार्पेट एरियावर ठरवा, म्हणजे भिंतीच्या आतल्या, पाय ठेवता येईल अशा जागेवर.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत घेऊ नका. ते नसेल तर पुढे पाणी, कर, विक्री, सगळीकडे अडचण येते. "अर्धी इमारत राहायला आलीय, तुम्हालाच काय भीती?" हे उत्तर नाही.

जुना फ्लॅट असेल तर सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, भाग प्रमाणपत्र आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी मागा. इमारतीखालच्या जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का ते विचारा. इमारत १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर ३ वर्षांनी ऑडिट अपेक्षित आहे. आणि एक साधी गोष्ट: घर भर पावसात एकदा आणि रात्री एकदा बघा. गळती आणि शेजार, दोन्ही दिवसा उन्हात दिसत नाहीत.

बांधताना

परवानगी घेऊनच बांधा. राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत छोट्या प्लॉटसाठी परवानगीची पद्धत सोपी केली आहे, त्यामुळे "फार चकरा माराव्या लागतात" ही सबब आता तितकी खरी नाही. परवानगीचा नकाशा असेल तर समासात सोडायची जागा, हवा, उजेड हे सगळं आपोआप सांभाळलं जातं. शेजाऱ्याशी भांडणही टळतं.

ठेका दोन प्रकारचा असतो: मालासह किंवा फक्त मजुरीचा. मजुरीचा ठेका स्वस्त पडतो, पण माल आणणं, मोजणं आणि राखणं तुमच्याकडे. रोज वेळ नसेल तर मालासह ठेका द्या, पण सिमेंट, सळई, फरशी, वायर कोणत्या कंपनीची आणि कोणत्या दर्जाची ते करारात लिहा. पैसे तारखेवर देऊ नका, कामावर द्या: जोतं झालं की इतके, स्लॅब झाला की इतके, प्लास्टर झालं की इतके. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं ठरवा. ठेकेदार चांगला असेल तर मान्य करतो.

व्यवहार बँकेतूनच करा. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार कोण?

घर कोणाच्या नावावर?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो आधी विचारायला हवा.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार असा. प्लॉट अब्बांच्या नावावर. मोठा मुलगा नोकरी करतो आणि त्यावर स्वतःच्या कमाईचे वीस लाख लावून घर बांधतो. कुठे काही लिहिलेलं नाही. अब्बांच्या इंतकालनंतर ती मिळकत सगळ्या वारसांची होते: अम्मी, भाऊ आणि बहिणी. मुलगा म्हणतो, घर माझं. बहीण म्हणते, जमीन अब्बांची. दोघंही खरं बोलतात. मग बहिणींवर हक्कसोडपत्रासाठी दबाव येतो आणि ज्या बहिणीने भावाच्या घराला विटेचा फोटो काढून दुआ दिली होती, तिचं येणं-जाणं बंद होतं.

सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो भावाची मेहरबानी नाही. म्हणून जमीन वडिलांची असेल तर बांधण्यापूर्वी सगळे एकत्र बसा. वडील हयातीत आपल्या मर्जीने हिबा करू शकतात. त्यासाठी देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा, या तिन्ही गोष्टी लागतात. तोंडी हिबा शरीयतमध्ये चालतो, तरी तो लिहून नोंदवलेला बरा. पण हिबा देताना बाकीच्या मुलांवर, विशेषतः मुलींवर अन्याय होणार नाही हे पाहणं वडिलांची जबाबदारी. हिबा करायचा नसेल तर मुलाने किती पैसे लावले आणि ते जमिनीत धरायचे, बांधकामात की कर्ज म्हणून, एवढं तरी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

नवं घर केवळ महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. ३० लाखांवर ते ३० हजार होतात. चांगली गोष्ट आहे, पण समजून करा. बायकोच्या नावावर घेतलेलं घर तिचंच असतं. तिच्यानंतर ते तिच्या वारसांना जातं आणि त्यात हयात असतील तर तिचे आई-वडीलही येतात. केवळ तीस हजार वाचवायला नाव लावायचं आणि नंतर "खरं तर माझंच आहे" म्हणायचं, हे बरोबर नाही. दोघांनी पैसे घातले असतील तर खरेदीखतात दोघांचे हिस्से लिहा.

जकातीचंही इथेच सांगतो, कारण विचारणारे बरेच असतात. राहण्यासाठी घेतलेल्या घरावर किंवा प्लॉटवर जकात नाही. पण "भाव वाढला की विकू" या इराद्याने घेतलेला प्लॉट व्यापाराचा माल ठरतो आणि त्याच्या दरवर्षीच्या बाजारभावावर जकात लागते. घरासाठी साठवून ठेवलेली रक्कम निसाबच्या वर असेल आणि तिला चांद्र वर्ष झालं असेल तर त्यावरही जकात आहे, असंच बहुतेक उलमा सांगतात.

मग ठरवायचं काय?

पैसा थोडा थोडा येतो, व्याज टाळायचं आहे, प्लॉटचे कागद स्वच्छ आहेत आणि घरातलं एक माणूस रोज साइटवर उभं राहू शकतं, तर बांधा. टप्प्याने, पण थांबण्याच्या जागा ठरवून.

रक्कम एकदम हातात आहे, कर्ता माणूस बाहेरगावी आहे किंवा घरात आजारी आणि वयस्कर माणसं आहेत, तर तयार घर घ्या. दोन फूट लहान असलं तरी चालेल.

आणि कागद स्वच्छ नसतील तर दोन्ही नको. आणखी वर्षभर भाड्याने राहणं परवडतं. त्या वर्षात बीसी आणखी एक उघडेल आणि वकिलाला दाखवायला दुसरा एखादा प्लॉट सापडेल.

मागच्या वर्षी एका पालकांनी असंच एका प्लॉटचा इसार देण्यापूर्वी कागद आणून दाखवले. सातबाऱ्यावर सतरा नावं होती आणि विकणाऱ्याचं त्यात नव्हतंच. ते तिथून उठून आले. अजून भाड्यानेच राहतात. पण त्यांची रक्कम त्यांच्याकडे आहे आणि परवा शाळेत भेटले तेव्हा म्हणाले, "सर, एक दुसरी जागा बघितलीय. या खेपेला बायको आणि मुलगी दोघींना घेऊन जातो बघायला."

अल्लाह तआला प्रत्येकाला हलाल कमाईचं, भांडण नसलेलं छप्पर नसीब करो. आमीन.